मुलीला समुद्रविज्ञानात जायचंय. कुणी काम केलंय का ह्यात?

देवगडची_आई:
लेक यंदा बारावीला, पीसीबी. नीटचा क्लास मध्येच सोडला आणि आता म्हणते समुद्रावर संशोधन करणार. आमची होडी आहे, दोन पिढ्या मासेमारीच. सासरे म्हणतात, "दर्यात जायला डिग्री कशाला लागते?" नोकरी लागते का ह्यात? मुलींना जहाजावर नेतात का? आणि ही होडीत बसली की उलट्या करते, ते वेगळंच.

रापणकर:
रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, बारावीनंतर बी.एफ.एस्सी. करता येतं. घराजवळ. पण तो मत्स्यव्यवसाय झाला. तिला पाण्याचंच काही शिकायचं असेल तर वाट वेगळी.

भरती_ओहोटी:
ताई, तीस वर्षं हेच केलं, आता निवृत्त आहे. मी मूळची रसायनशास्त्राची. पोहता आजही धड येत नाही.

आधी उलट्यांचं. 'सागर कन्या' ह्या संशोधन जहाजावरच्या माझ्या पहिल्या सफरीत तीन दिवस बादली उशाशी होती. चौथ्या दिवशी भूक लागली. काहींची कधीच जात नाही, ते गोळी घेऊन काम करतात. त्यावरून काही ठरवू नका.

मुलींचं म्हणाल तर नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत १९८३-८४ च्या भारताच्या तिसऱ्या मोहिमेतून अंटार्क्टिकाला जाऊन आल्या. त्या समुद्रशास्त्रज्ञच, आणि सोबत भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता. तरी त्यानंतर कितीतरी वर्षांनी एका जहाजावर "बायकांसाठी वेगळी केबिन नाही" म्हणून माझं नाव यादीतून कापलं होतं. रडले नाही, पण त्या महिन्यात कुणाशी नीट बोललेही नाही. आता पोरी सर्रास जातात.

काम कसं असतं ते सांगते, कारण टीव्हीवर फक्त डॉल्फिन दिसतात. रात्रीचे दोन. तारेला लावलेला बाटल्यांचा सांगाडा दोन हजार मीटर खाली जाऊन वर येतो, दीड-दोन तास जातात. डेकवर आला की पहिलं पाणी ऑक्सिजनवाल्याचं. काचेच्या छोट्या बाटलीत नळी तळापर्यंत घालायची, पाणी भरून वाहू द्यायचं, बुडबुडा एकही नको. मग मँगनीज क्लोराइड, मग आयोडाइड घातलेला अल्कली, बूच लावायचं आणि हलवायचं. वरच्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर, म्हणून साका तपकिरी बसतो. तीनशे मीटरची बाटली मी हलवली तर साका पांढरट, ताकासारखा. वाटलं, एखादं रसायन घालायलाच विसरले. गुपचूप दुसरी बाटली भरली. तीही पांढरी. मागे उभे असलेले सर म्हणाले, "चुकली नाहीस. तिथं ऑक्सिजन नाहीच."

अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात हीच गत आहे. आणि पावसाळ्यात खालचं कमी ऑक्सिजनचं पाणी आपल्या किनाऱ्यालगतच्या उथळ भागातही चढतं. गोव्यासमोर सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाच्या पाण्याला कुजक्या अंड्याचा वास मारतो, मी स्वतः नाक धरलंय. ह्याच किनारी पाण्यातून नायट्रस ऑक्साइड हा तापमान वाढवणारा वायू बाहेर पडतो, हे समुद्रशास्त्रज्ञ डॉ. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर' ह्या विज्ञान नियतकालिकात मांडलं. त्या आकड्यांच्या मुळाशी हीच बाटली हलवणं आहे, हजारो वेळा.

आता शिक्षण. बी.एस्सी. कुठल्याही चांगल्या कॉलेजात करू दे, पण केमिस्ट्री सोडू देऊ नका आणि गणिताला घाबरू देऊ नका. पुढे एम.एस्सी. गोवा विद्यापीठ किंवा कोचीचं कुसाट विद्यापीठ. मग नेट-जेआरएफ (संशोधनाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा) आणि पीएच.डी. गोव्यात दोनापावलाची एनआयओ म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (१९६६ पासूनची), वास्कोची ध्रुवीय संशोधनाची संस्था, हैदराबादचं इन्कॉइस ही मुख्य ठिकाणं. कायम नोकऱ्या थोड्या, खरं तेच सांगते. पस्तिशीपर्यंत प्रोजेक्टवर दिवस काढलेले कितीतरी जण माझ्यासमोर आहेत. घरून "लग्न कधी, नोकरी पक्की कधी" चालू असेल तर हा काळ फार जड जातो.

रापणकर:
इन्कॉइस म्हणजे मासळी कुठं मिळेल ते सांगणारे ना? बंदरावर त्यांचा निरोप येतो.

भरती_ओहोटी:
तेच. उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघून सांगतात. ताई, सासऱ्यांना हे दाखवा.

देवगडची_आई:
वाचून दाखवलं. प्रोजेक्टचं ऐकून सासूबाईंचा चेहरा पडला, पण लेक दोन वेळा ऐकून गेली. सासरे वासाच्या गोष्टीवर थांबले. म्हणाले, पाऊस सरता सरता कधी कधी तळाच्या जाळ्याला काहीच लागत नाही, आणि जाळं वर घेतलं की घाण वास येतो. आम्ही म्हणतो पाणी खराब झालं.

भरती_ओहोटी:
ऑक्सिजनमुळेच असेल असं पाणी तपासल्याशिवाय म्हणणार नाही. पण त्यांना कुठली साल, कुठला महिना, किती वाव (खोल) पाणी होतं, आठवतंय का? लेकीला वही घेऊन त्यांच्याजवळ बसवा. आणि लिहून झालं की इथं टाका, मला बघायचंय.