मदत हवी आहे : वंडर वुमनचा स्कर्ट नेमका कधी गेला?

वाचनालयातल्या प्रदर्शनासाठी अमेरिकन कॉमिक्समधली महानायिका वंडर वुमन हिच्या पोशाखांचा चित्रपट्टा काढतेय. जागा सहाच आकृत्यांची आहे, आणि एका आकृतीवर अडले आहे.

बाकीचं जमलंय. 1941 मधलं पहिलं रूप तिचे चित्रकार एच. जी. पीटर यांच्या चित्रांवरून काढलं: लाल चोळी, तिच्यावर सोनेरी गरुड, पांढऱ्या चांदण्यांचा निळा स्कर्ट, मध्ये पांढरी पट्टी असलेले लाल बूट. 1968 ला तिने अद्भुत शक्ती सोडल्यावरचे पांढरे कपडे मी मुद्दाम ठेवलेत. कुणी गाळायला सांगितलं तरी गाळणार नाही, कारण पूर्ण पोशाखच बदलण्याचं धाडस तेव्हा झालं. 1982 ला गरुडाच्या जागी दोन डब्ल्यू आले, तेही आहे. 2010 मधली चित्रकार जिम ली यांनी तिला दिलेली लांब पँट आणि जाकीटसुद्धा.

अडचण सुरुवातीच्या काळाची. स्कर्ट जाऊन आधी सैल, मग तंग चड्डी आली. उपलब्ध मुखपृष्ठं पाहिली, पण लहान आकारात सैल चड्डी आणि स्कर्ट वेगळे ओळखू येत नाहीत. पुनर्मुद्रणांचे रंग नंतर भरलेले असतात, म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. मूळ अंक विकत घेणं परवडणारं नाही. चित्रपट, मालिकांमधले पोशाख नकोत, फक्त कॉमिक्स.

ज्यांनी 1942 ते 1950 चे अंक आतल्या पानांसकट पाहिलेत, त्यांनी सांगावं: सैल चड्डी स्पष्ट दिसणारा पहिला अंक कोणता, आणि ती तंग कोणत्या वर्षापासून दिसते?