गाठ प्रतिकारशक्तीला नेमकं काय देते? गुंगारा, चकवा की तुरी?

वाकडी वेलांटी
फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय. एका वाक्यावर अडलंय. आशय असा: ट्यूमर इम्यून सिस्टिमच्या तावडीतून सुटतो आणि म्हणून वाढत राहतो. मी लिहिलं, "गाठ प्रतिकारशक्तीला गुंगारा देते." तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते खोडून "प्रतिक्षमता यंत्रणेचा परिहार करते" असं केलंय. हे कुणाला कळणार? पण आता गुंगाराही खटकायला लागलाय. दुसरं काही सुचतंय का?

पेठेतला
गुंगाराच ठेवा. "पोलिसांना गुंगारा देऊन आरोपी फरार" हे वाचतच मोठे झालोय सगळे. परिहार शंकेचा करतात. गाठीला कसल्या आल्यात शंका?

तळकोकणी
गुंगारा देणारा पळतो. गाठ बसल्या जागी फोफावते. आमच्याकडे ह्याला चकवा म्हणतील. रात्री पाणंदीतून येताना चकवा लागला की माणूस उजाडेपर्यंत त्याच मळ्याभोवती फिरत राहतो, वाट समोर असून दिसत नाही. आमच्या आजोबांना लागला होता. (आजीच्या मते तो चकवा नव्हता, माडी होती.)

लॅबवाला
चकवा झकास, पण अर्धाच बसतो. टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीची शिपाई पेशी, बरेचदा गाठीपर्यंत पोचलेली असते, समोरचा कोण हेही तिने ओळखलेलं असतं. तिच्या अंगावर पीडी-१ नावाचं प्रथिन असतं. एरवी त्याचं काम पेशीला वेळेवर आवरायचं, नाहीतर ती आपल्याच धडधाकट अवयवांवर उठेल. फुफ्फुसातल्या बऱ्याच गाठी पीडी-एल१ हे प्रथिन अंगावर मिरवतात. ते पीडी-१ला जाऊन चिकटलं की टी पेशी थंड पडते. वाट चुकलेली नसते, हात उगारलेला असतो, तो खाली येत नाही इतकंच.

अनुस्वार
मग "हातावर तुरी देणे" घ्या की! पकडल्यावर निसटणं म्हणजे तेच. तुरीचे दाणे राखणदाराच्या हातावर ठेवायचे, तो ते मोजत बसतो, तोवर चोर पसार. आमचे मामा सांगायचे.

पेठेतला
ह्याला आधार?

अनुस्वार
मामा.

पेठेतला
मामा हा आधार नव्हे, अनुस्वारताई. तुरी म्हणजे तुरे असंही ऐकलंय मी.

तळकोकणी
ते कुणाकडून ऐकलंत? काकांकडून?

लॅबवाला
तुम्ही तुरी निवडा, मी दुसरी करामत सांगतो. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे एचएलए नावाच्या रेणूंवर मांडून बाहेर दाखवत असते. त्यात काही विचित्र दिसलं की टी पेशी तिला मारते. मग गाठ दाखवणंच कमी करते. ब्रिटनमधल्या ट्रेसरएक्स प्रकल्पातून २०१७ साली आलेला निष्कर्ष असा: फुफ्फुसाच्या नॉन-स्मॉल सेल कॅन्सरच्या (हाच प्रकार जास्त आढळतो) सुमारे ४० टक्के गाठींनी एचएलए जनुकांची एक प्रत गमावलेली होती, आईकडून आलेली किंवा वडिलांकडून आलेली. आता सगळंच एचएलए का नाही टाकत? कारण ज्या पेशीवर एचएलएच नाही तिच्यावर नॅचरल किलर ह्या प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या पेशी तुटून पडतात. अर्धं ठेवलं की दोघांपासून बचाव. ह्याला काय म्हणाल?

वाकडी वेलांटी
हे तर सोंग झालं!

लॅबवाला
आणि तिसरी: टी-रेग म्हणून पेशी असतात, त्यांचं कामच लढाई आवरायचं. गाठ त्यांना भोवती जमवते. ही फितुरी म्हणा. थोपवणं, सोंग, फितुरी. ह्या सगळ्यांना एका क्रियापदात कोंबू नका.

वाकडी वेलांटी
अहो, मला वाक्य एकच आहे. लॅबवाल्यांचं सगळं घातलं तर पत्रकाचं पुस्तक होईल.

स्वभाषा
मूळ दुखणं वेगळं आहे. पेशंट, कॅन्सर, ट्यूमर, इम्यून हे लिहिणाऱ्याने क्रियापदावर खल करावा हे नवलच. रुग्ण, कर्करोग, अर्बुद, प्रतिक्षमता असे शब्द असताना ही लाचारी का?

पेठेतला
स्वभाषाराव, कर्क म्हणजे खेकडा. लॅटिनमध्ये कॅन्सर म्हणजेही खेकडाच. खेकडा त्यांचाच, तुम्ही त्याला फक्त सोवळं नेसवलंत.

अनुस्वार
वॉर्डात कोणी कर्करोग म्हणत नाही. थेट "गाठ" म्हणतात. इम्युनोथेरपीच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या, औषधाला "इम्युनो" म्हणतात, "काकांचं इम्युनो चालू आहे", संपलं.

वाकडी वेलांटी
त्या औषधांचाही घोळ आहे पुढच्या पानावर. "चेकपॉइंट इनहिबिटर". डॉक्टरांनी "नाकारोधक" सुचवलंय.

तळकोकणी
सर्दीवर का?

लॅबवाला
🙂 टोल नाका अडवल्यासारखंही वाटतं. गंमत म्हणजे हे रोखणाऱ्याला रोखणारं औषध आहे. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब पीडी-१ वर जाऊन बसतात, अटेझोलिझुमॅब पीडी-एल१ वर. मग गाठीला टी पेशीचा हात धरता येत नाही. सरळ "ब्रेक काढणारं औषध" लिहा. पण ब्रेक काढला की पेशी घरच्यांवरही घसरते हेही लिहा: फुफ्फुसाला सूज, थायरॉइड बिघडणं, जुलाब. आणि दम वाढला तर लगेच कळवा, हे ठळक अक्षरात.

नावांचं म्हणाल तर पीडी म्हणजे "प्रोग्रॅम्ड डेथ". १९९२ मध्ये क्योटोत तासुकू होंजो ह्यांच्या प्रयोगशाळेत पेशींच्या मृत्यूशी संबंधित जनुकं शोधताना ते सापडलं, म्हणून ते नाव. निघाला ब्रेक. नाव तेच राहिलं, आणि २०१८ चं नोबेल जेम्स अ‍ॅलिसन ह्यांच्यासोबत होंजोंना मिळालं.

स्वभाषा
म्हणजे चुकीचं इंग्रजी नाव चालतं, बरोबर मराठी नाव चालत नाही! विश्वकोशात थायमसला "यौवनलोपी ग्रंथी" म्हटलंय. वयात आल्यावर आक्रसत जाते म्हणून. टी पेशीतला टी त्याच थायमसचा. किती नेमका शब्द आहे!

अनुस्वार
शब्द सुंदर आहे हे मान्य. पण मग टी पेशीला "यौ पेशी" म्हणायचं का?

स्वभाषा
का नाही?

पेठेतला
म्हणा ना. केमिस्टला जाऊन "यौ" मागा आणि काय मिळतं ते इथे कळवा.

वाकडी वेलांटी
मंडळी, गुंगारा की तुरी? शुक्रवारी छपाईला जातंय.

तळकोकणी
चकवा. आणि एक राहिलंच, शीर्षकात फुफ्फुस की फुप्पुस? आमच्या शाळेत फुप्पुस होतं.

स्वभाषा
संस्कृतात फुप्फुस आहे. तेच शुद्ध.

पेठेतला
तो श्वासाचा आवाज आहे हो, त्याला शुद्धलेखन कसलं लावताय?

स्वभाषा
ध्वनीवरून आला म्हणून नियम लागत नाहीत, हे कोणत्या व्याकरणात लिहिलंय? पान क्रमांक द्या.