मुनीमजींना घरी बसवायला निघालेल्या बॉटबद्दल

इतवारीकर: काल इथे कोणीतरी लिहिलं, "बॉट, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्राम, लावा, स्क्रीनवर बघून तोच टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, बिलं टाकतो, टू-बी जुळवतो, मुनीम ठेवायचं कामच नाही." ना भाऊ! टू-बी, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, महिन्याच्या १४ तारखेला येते, थ्री-बी, म्हणजे महिन्याचा जीएसटी रिटर्न, २० ला भरायचा; जुळवणी त्या मधल्या दिवसांतच. टॅलीच्या स्क्रीनवरचे रकाने बॉटला वेगळे दिसतच नाहीत. तो जागा मोजून नाहीतर चित्र जुळवून क्लिक करतो. मध्येच नवीन पार्टीचं लेजर, म्हणजे त्या व्यापाऱ्याचं खातं, सापडलं नाही, की पुढचं सगळं टायपिंग भलत्याच रकान्यात. रिमोट डेस्कटॉपची खिडकी बंद केली तरी काम तिथेच थांबतं.

मिहानवाला: स्क्रीनवर जायचंच कशाला? टॅलीत कंपनी उघडी ठेवा, तिच्या ९००० पोर्टवर, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामशी बोलायच्या दारावर, एक्सएमएल, म्हणजे खुणा घालून लिहिलेला डेटा, पाठवा. किती व्हाउचर (नोंदी) झाले, किती चुकले, ते उत्तरात येतं. चुकीची पद्धत धरून बॉटला काय शिव्या घालून राहिले?

इतवारीकर: शिव्या त्या पोस्टला आहेत, नीट वाचा. आणि पार्टीच्या नावात 'अँड'चं चिन्ह तसंच गेलं तर तुमचं एक्सएमएलही तुटतं.

गांधीबागकर: टू-बी आपल्या पुस्तकाशी जुळवताना खरा घोळ बिल नंबरचा आहे. छापलेलं असतं ००४५७, एक्सेल करतं ४५७. ५/१२ ची तर सरळ तारीख होते. फाइल उघडताना तो रकाना टेक्स्टच ठेवा.

मिहानवाला: सुरुवातीची शून्यं, आडव्या-तिरप्या रेघा (- आणि /) काढून जुळवा. झालं.

गांधीबागकर: काय झालं? १/२३ आणि १२/३, दोन्हीचे १२३ होतात! जीएसटीच्या नियम ४६ मध्ये १६ अक्षरांपर्यंतच्या बिल नंबरात दोन्ही रेघा चालतात, म्हणजे त्या नंबराचाच भाग आहेत. एकाच पार्टीची दोन बिलं अशी एकमेकांत गेली, की खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट चुकीच्या बिलावर. आधी जसाच्या तसा नंबर जुळवा. उरलेल्यांतच रेघा काढा, आणि तेव्हाही जीएसटीआयएन (पार्टीचा जीएसटी नंबर), तारीख आणि रुपयाच्या फरकात कराची रक्कम, तिन्ही जुळले तरच धरा.

मिहानवाला: १/२३ चं मान्य. पण माणूसही चुकतोच ना?

इतवारीकर: माणूस एक बिल चुकवतो. बॉट तीच चूक तीनशे बिलांत करतो, आणि तीच फाइल दुसऱ्यांदा चालवली तर सगळी बिलं डबल. आधी बॅकअप घ्या, पार्टी आणि नंबर पुस्तकात आहे का बघा, मगच पाठवा.

वाडीवाला: पोर्टलच्या कॅप्चाशीही झुंजू नका. लॉगिन हाताने करा, टू-बी उतरवा, पुढचं बॉटला द्या.

मिहानवाला: ठीक, न जुळलेली यादी मुनीमजींकडे जाऊ द्या.

गांधीबागकर: मग यादीत कारणाचा रकाना हवाच: नंबर, तारीख, रक्कम, की बिलच आलं नाही. नुसतं "जुळलं नाही" लिहून दिलं तर पार्टीला फोन करून मुनीमजी विचारणार काय?