रीजनला मराठीत काय म्हणाल?

अंबडकर: नवीन आयटीआयच्या पोरांसाठी ड्राइव्हबद्दल, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या डब्याबद्दल, मराठीत टिपण लिहायला बसलोय आणि पहिल्याच ओळीला अडलो. रीजनरेटिव्ह ब्रेकिंग, म्हणजेच रीजन: ब्रेक लावताना मोटारच उलट वीज देते ते. 'पुनर्जनन' लिहिलं तर एक पोरगा म्हणतो, साहेब हे गरुडपुराणातलं वाटतंय. काही सुचतंय का?

इगतपुरीकर: परतवीज? आमच्या घाटात १:३७ चा उतार आहे, तिथं डब्ल्यूएजी-९ इंजिन मालगाडी घेऊन कसाऱ्याकडं उतरतं तेव्हा मोटारीच जनरेटर होतात आणि वीज वर २५ हजार व्होल्टच्या तारेत माघारी जाते.

अंबडकर: शब्द झकास, पण आमच्याकडं ती परत जातच नै ना! साध्या ड्राइव्हच्या तोंडाशी डायोड असतात, आत यायला वाट, बाहेर जायला नाही. ४१५ व्होल्ट सप्लाय, डीसी बसवर, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या डीसी विजेच्या पट्टीवर, ५८५ च्या आसपास. परवा कोणीतरी सेंट्रीफ्यूजचा थांबायचा वेळ ३० सेकंदांवरून ८ वर आणला, सायकल टाइम वाचवायला म्हणे, आणि मी दिवसभर बघत बसलो, थांबवलं की बस चढतेय ६५०, ७००, ७६०, आणि ८०० च्या तिथं ओव्हरव्होल्टेज, ट्रिप, ड्राइव्ह बंद. चॉपर, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, आणि त्याला रेझिस्टर लावला तर ट्रिप थांबते पण वीज उष्णता होऊन वाया, परत कुठली.

गंगापूर रोड: दादा, मला विजेतलं कळत नाही, मी मराठी शिकवते. पण गंगापूर धरणात पाणी तुंबून मागं पसरतं त्याला आपण फुगवटा म्हणतोच की. येते ती परतवीज, वाट नसली की फुगवटा. आणि दार उघडून सोडून दिली तो विसर्ग, पावसाळ्यात रोज पेपरात असतो.

अंबडकर: ताई, विसर्ग एक नंबर! चॉपर अगदी तेच करतो, ठरलेल्या व्होल्टला दार उघडतो, उतरलं की बंद. आता एक सांगा, दोन ड्राइव्ह एकाच डीसी बसवर जोडले की एकाची परतवीज दुसरा खातो, त्याला काय?

निफाडचा: सावड. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या.

अंबडकर: बसतंय! फक्त दोघं एकदम थांबले की सावड मोडली, परत विसर्ग.

इगतपुरीकर: रेझिस्टरला मात्र रोधक लिहू नका हां, स्टोअरवाला देणार नाही.