महिला मॅनेजरच्या अप्रेझलमध्ये ‘आक्रमक’ असा शेरा: ट्रेनिंग द्यावं की फॉर्म बदलावा?

शलाका_पार्ले
अंधेरीतल्या कंपनीत एचआर बघते. टीमचं काम चोख असूनही काही महिला मॅनेजरच्या फॉर्मवर ‘जरा जास्तच आक्रमक’ असे शेरे आलेत. वरून सूचना आली, बायकांची लीडरशिप वेगळी असते, त्यांचं वेगळं ट्रेनिंग ठेवा. संशोधनाचा याला आधार आहे का?

गोखले_रोड
वेगळ्या ट्रेनिंगला आधार नाही. मानसशास्त्रज्ञ ॲलिस ईगली आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ४५ अभ्यास एकत्र तपासले. माणसं घडवणं आणि चांगल्या कामाची पावती देणं स्त्रियांत किंचित जास्त, टीमला वाऱ्यावर सोडणं पुरुषांत किंचित जास्त. फरक इतके बारीक की एका मॅनेजरबद्दल त्यावरून काहीच सांगता येत नाही. ‘पुरुष काम बघतात, बायका नाती जपतात’ हा समज तर १९९० च्या पाहणीतच प्रत्यक्ष कंपन्यांमधल्या मॅनेजरबाबत टिकला नव्हता.

गोम मोजणाऱ्याच्या अपेक्षेत आहे. बाईकडून मऊपणा हवा आणि साहेबाकडून ठामपणा. बाईच साहेब असली की ठाम वागणं खुपतं. म्हणून फॉर्म बदला. ‘ॲटिट्यूड’चा रकाना काढून टाका. प्रत्येक रेटिंगमागे दोन प्रसंग मागा: तारीख, काय केलं, परिणाम काय झाला. ‘आक्रमक’ लिहिलंय? मग कुठल्या मीटिंगमध्ये, कोणते शब्द, त्यानं काय बिघडलं, हे लिहिलेलं हवं. नसेल तर फॉर्म परत पाठवा. आणि एकाच पातळीवरच्या सगळ्यांचे फॉर्म शेजारी ठेवून मुद्द्यागणिक वाचा: आधी सगळ्यांचा पहिला मुद्दा, मग दुसरा. हार्वर्डच्या अर्थतज्ज्ञ आयरिस बोनेट यांच्या प्रयोगात उमेदवार एकेकटे न बघता जोडीनं तोलले तेव्हा निवड स्त्री-पुरुषावरून न होता कामगिरीवरून झाली.

मालाड_फास्ट
बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांपर्यंत असते. वर्षाचं टार्गेट १२ कोटी असेल आणि ती सहा महिनेच कामावर असेल, तर तुलना ६ कोटींशी करा. हे राहून गेलं की रेटिंग आपोआप पडतं. मीटिंगचे मिनिट्स, नव्यांना शिकवणं ही कामंही पाळीपाळीनं वाटून फॉर्मवर नोंदवा. संध्याकाळी साडेसहाची रिव्ह्यू मीटिंग चारच्या आत घ्या. विरार-कल्याणला जाणारे लोक साडेसहाला गप्प बसून घड्याळ बघतात.

शलाका_पार्ले
धन्यवाद दोघांनाही. कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे सगळ्यांची रेटिंग एकत्र बसून जुळवण्याच्या मीटिंगमध्ये, ‘सगळ्यांनाच तसं वाटतं’ असं कोणी म्हणालं तर?

गोखले_रोड
शलाकाताई, प्रत्येकाकडून रेटिंग त्या मीटिंगच्या आदल्या दिवशी लेखी घेऊन लॉक करा, म्हणजे ‘सगळे’ किती ते कळेल. सर्वांत वरिष्ठ माणसानं शेवटी बोलावं. प्रसंग न देता शेरा आला की थांबवायचं काम रेटिंग न देणाऱ्या एकाकडे सोपवा. प्रसंग खरा निघाला तर मात्र स्पष्ट लिहा. बाई आहे म्हणून सांभाळून, गोलमोल लिहिलं तर काय सुधारायचं ते तिला कळत नाही आणि पुढच्या प्रमोशनला तेच नडतं.