'छोटं म्हणजे हौस' या हिशोबाला उत्तर

सुतळी:
काल 'आकडेमोड' यांनी लिहिलं की छोट्या प्रमाणावर उत्पादन करणं ही हौस आहे, कारण आकार वाढला की नगामागचा खर्च घटतो. हे अर्धंच खरं आहे, आणि अशा अर्ध्या हिशोबावर धोरणं ठरतात, म्हणून माणूस मध्ये ठेवून अर्थकारण करावं असं मानणाऱ्या मला सविस्तर लिहिणं भाग आहे.

खर्च का घटतो? टाकीत किती मावतं ते घनफळावर ठरतं, पत्रा मात्र पृष्ठफळाइतकाच लागतो. रसायन कारखान्यांत यावरून एक ढोबळ नियम वापरतात: क्षमता दुप्पट केली की भांडवली खर्च २ चा ०.६ वा घात, म्हणजे साधारण दीडपट. पोलाद, सिमेंट, काच इथे मोठंच हवं, वादच नाही. पण शिलाई, सुतारकाम, दुरुस्ती, घरामागचा बायोगॅस यांना तोच नियम लावायचा? जिथे काम पत्र्यावर नाही, हातावर आणि नजरेवर चालतं, तिथे तो लागू पडत नाही.

आकडेमोड:
शिलाईचं उदाहरण साफ चुकलं. कारखान्यात कापडाचे थर रचून पन्नास-पन्नास तुकडे एकदम कापतात. एक जण फक्त कॉलर, दुसरा फक्त काजं. बचत त्या विभागणीतून होते, पत्र्याचा संबंधच नाही. आणि बायोगॅस तर तुम्ही बोलूच नका. ती टाकीच आहे! तुमचाच नियम तुमच्यावर उलटतो.

शेणकाला:
थांबा, बायोगॅसचे आकडे नीट मांडू. रोज २ घनमीटर गॅस हवा असेल तर सुमारे ५० किलो शेण आणि तितकंच पाणी लागतं. हे मिश्रण टाकीत ४० दिवस राहतं असं धरलं तर टाकी ४,००० लिटरची. एक घनमीटर गॅस म्हणजे जेमतेम ०.४५ किलो एलपीजी. मोठा प्लांट केला तर टाकी स्वस्त पडेल, पण शेण आणायचं आणि गॅस निघाल्यावर उरलेलं पातळ मिश्रण, म्हणजे काला, खत म्हणून परत शेतात न्यायचा, दोन्हीत वाहतूक मुख्यतः पाण्याची होते. तो खर्च टाकीच्या बचतीला खाऊन टाकतो.

आकडेमोड:
आणि गळती? २ घनमीटरमध्ये सुमारे ०.८ किलो मिथेन, म्हणजे त्यातला जळणारा वायू. त्यातला दहावा हिस्सा गळला तर ८० ग्रॅम. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट, म्हणजे ती गळती सव्वादोन किलो कार्बन डायऑक्साइडइतकी. वाचलेलं ०.९ किलो एलपीजी जाळलं असतं तर पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड सुटला असता. म्हणजे हाती आलं काय? घरोघरी कोण सांधे तपासणार?

शेणकाला:
तपासायला साबणाचं पाणी आणि दहा मिनिटं लागतात. सांध्यावर लावा, बुडबुडा आला की सांधा घट्ट करा. नळीला उतार देऊन सखल जागी पाणी काढायची तोटी बसवा. ज्योत फडफडायला लागली म्हणजे नळीत पाणी साचलंय. शिवाय उघड्या खड्ड्यात ओलं शेण कुजलं तरी मिथेन सुटतोच, तो तुम्ही शून्य धरला. गळती हा मोठा दोष आहे, हे मात्र मान्य.

खरी फसगत दुसरीकडे होते. उष्टं-खरकटं एकदम जास्त ओततात, आम्ल वाढतं, पीएच (आम्लपणाचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६.८ च्या खाली जातो. गॅस येतो पण पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त. मग घाबरून चुना ओततात. चुना कार्बन डायऑक्साइड शोषतो, आतला दाब एकाएकी पडतो आणि टाकीच्या पक्क्या घुमटाला तडा जाऊ शकतो. त्यापेक्षा भरणं काही दिवस बंद ठेवा, चालू प्लांटमधला काला मिसळा आणि चुन्याची निवळी थोडी थोडी, पीएच मोजत घाला.

उंबरा:
इतकं सगळं लिहिलंत, पण ५० किलो शेण कालवणार कोण? ५० लिटर पाणी रोज आणणार कोण? बहुतेक घरांत ही कामं बाईच्या वाट्याला येतात, आणि तिचे तास 'आकडेमोड' यांच्याही हिशोबात नाहीत, 'सुतळी' यांच्याही नाहीत. अर्थतज्ज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ मध्येच बजावलं होतं की राष्ट्रीय उत्पन्नावरून लोकांचं कल्याण मोजता येत नाही. घरातलं बिनपगारी काम तर त्या उत्पन्नात धरतच नाहीत. माणूस मध्ये ठेवून अर्थकारण करायचं म्हणता ना? मग आधी हे तास मोजा.

सुतळी:
बरोबर आहे, ते माझ्याकडून सुटलं. पण सोयीच्या जागी पाणी आणि उभ्यानं फिरवायचा कालवणी दांडा असेल तर कष्ट निम्म्यावर येतात. हे बदल घरातल्या माणसाला स्वतः करता येतात, मोठ्या प्लांटमध्ये करता येणार नाहीत.

आकडेमोड:
बायोगॅसच्या टाकीचा मुद्दा मी मागे घेतो, ओल्या मालाला छोटंच परवडतं. शिलाईचा नाही. आणि 'निम्म्यावर' हा आकडा कुणी मोजला? घड्याळ लावून महिनाभराचे तास इथे मांडा, मग बोलू.

उंबरा:
मांडाच. आणि ज्या हातांनी शेण कालवलं, त्यांनाच तास लिहायला सांगा.