मणक्यात पसरलेला कॅन्सर: ऑपरेशन 'यशस्वी' झालं, म्हणजे काय झालं?

खडूस: काल कुणीतरी लिहिलं, 'मणक्यात गेलेल्या कॅन्सरचं ऑपरेशन करून आयुष्य महिनाभरसुद्धा वाढत नाही, मग कापाकापी कशाला?' डोकंच फिरलं. आयुष्य वाढवायला हे ऑपरेशन करतंय कोण? मज्जारज्जूवरचा दाब काढून माणूस पायावर ठेवायचा असतो. पॅचेल नावाच्या डॉक्टरची २००५ ची चाचणी बघा, १०१ रुग्ण. ऑपरेशन करून रेडिएशन घेतलेल्यांचं चालणं १२२ दिवस टिकलं (मध्यक, म्हणजे निम्म्यांचं याहून जास्त, निम्म्यांचं कमी), नुसतं रेडिएशन घेतलेल्यांचं १३.

रेघोट्या: मीच लिहिलं होतं. त्या चाचणीत 'चालणं' म्हणजे एकेका पायाने दोन, एकूण चार पावलं. तीही वॉकर धरून चालतील. याला यश म्हणायचं?

खडूस: चार पावलं म्हणजे पलंग ते कमोड! माझा भाऊ पाच महिने तेवढंच चालला. वॉकरची रबरी टोपणं झिजली, दोनदा बदलली. कुणाला हाक न मारता जायचा तो. तुम्हाला नाही कळायचं.

मुंगीचा_पाय: ऑपरेशनचं सोडा, वेळेत एमआरआय कोण सांगतं? बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर, फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं. आडवं झालं की पाठ जास्त दुखायची. दीड महिना 'स्नायू आखडलेत' म्हणून गोळ्या. पाय गेले तेव्हा एमआरआय.

तटस्थ: मग काय, प्रत्येक पाठदुखीला एमआरआय?

मुंगीचा_पाय: प्रत्येक कोण म्हणतंय? वाचता येतं ना? कॅन्सर झालेल्या माणसाची पाठ! पाय पूर्ण लुळे होऊन ४८ तास उलटलेले रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते. आमचे तिसऱ्या दिवशी पोचले.

तटस्थ: आवाज खाली. दुःख समजतं, पण एमआरआयची रांग तुमच्या रागाने हलत नाही.

मुंगीचा_पाय: रांगेत लावलंच नव्हतं हो!

रेघोट्या: 'तुम्हाला नाही कळायचं' म्हणालात म्हणून सांगतो. आईचं ऑपरेशन झालं, आधी रेडिएशन दिलेल्या जागीच. जखम भरलीच नाही. शेवटचे अडीच महिने रोज ड्रेसिंग, पालथी झोपून. तपासणीच्या कागदावर मात्र 'पायांची ताकद ५ पैकी ५'. त्यांच्या हिशेबात आई यशस्वी.

खडूस: हे कालच लिहिलं असतंत तर मी एवढा तडकलो नसतो. बरं, जखमेचे दिवसही धरा हिशेबात. पण माझे १२२ खोडू नका.

रेघोट्या: नाही खोडत. तुमचे पाच महिने घेतले, माझे अडीच वजा.

मुंगीचा_पाय: आणि माझा दीड महिना कुठल्या रकान्यात?